दूध टाकलंय, तर शून्य कसं?

माझ्या साडभाऊंइतका शून्यावर राग असलेला माणूस अख्ख्या नेदरलँड्समध्ये दुसरा नसेल. राग म्हणजे साधा राग नव्हे. शून्य नावाची वस्तू जगात कुठे असते हेच त्यांना मान्य नव्हतं. साखर संपली असं माझी मेव्हणी म्हणाली की ते उठून डबा घेत, त्यात गरम पाणी ओतून खळखळून हलवत आणि त्याच पाण्याचा चहा करून आम्हाला पाजत. कुणी तोंड वाकडं केलं तर शांतपणे म्हणत, "फिका आहे ना? म्हणजे आहे." सायकलच्या चाकात हवा अजिबात नाही असं म्हणायची सोय नव्हती. "अजिबात नाही असं नसतं जी, मोजली नाही असं म्हणा." गुडघा दुखतो म्हणून मी त्यांना एकदा हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, शून्य ते दहामध्ये किती दुखतं. यांनी आधी शून्याला हरकत घेतली. मग ही पट्टी साधी आहे की लॉगची, असा प्रश्न टाकला. एकावरून दोनवर जाणं आणि आठावरून नवावर जाणं हे दुखणाऱ्याला सारखंच वाटतं का, हे ठरल्याशिवाय आकडा कसा सांगणार? दहा मिनिटांच्या भेटीतली नऊ मिनिटं यात गेली आणि दहाव्या मिनिटाला आम्ही पॅरासिटामॉलचा सल्ला घेऊन बाहेर पडलो. तो सल्ला इथे न विचारताही मिळतो.

नात्याने ते माझ्याहून धाकटे, कारण माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पण वयाने चार वर्षांनी मोठे. त्यामुळे आम्ही दोघंही एकमेकांना अहोजाहो करत असू आणि दोघांनाही ते थोडं अवघड जाई. वर्ध्याकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्यांनी वीस वर्षं फिजिक्स शिकवलं होतं. मेव्हणीला आइंडहोव्हनजवळ संशोधनाची जागा मिळाली, तेव्हा नोकरी सोडून तिच्या व्हिसावर ते आले आणि न्यूनेनच्या एका शांत गल्लीत राहू लागले. सामानात पंचवीस किलो पुस्तकं होती, आणि शर्टाच्या खिशात, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं, चार अंकी लॉग टेबलाचं पुस्तक. आपल्याकडे बारावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं; वीस वर्षं पोरांना तेच वाचायला शिकवल्यामुळे जग त्यांना त्या टेबलातूनच, म्हणजे बेरजेत नव्हे तर पटींत, दिसू लागलं होतं. आमटीत मीठ वाढवायचं तर ते 'एक चमचा' म्हणत नसत, 'दुप्पट' म्हणत. मीठ दुप्पट झाल्याशिवाय जीभ पुढची पायरी चढत नाही असा त्यांचा सिद्धांत होता आणि त्याचे परिणाम आम्ही भोगले आहेत.

त्यांच्या शेजारच्या डच बाई पन्नाशीच्या झाल्या तेव्हाची गोष्ट. इथल्या रीतीप्रमाणे सगळे पाहुणे खुर्च्या गोल मांडून बसले होते, एकेकाच्या हातात केकचा एकेक तुकडा, आणि पन्नास वर्षं झाली म्हणजे फार मोठं काही झालं असा सगळ्यांचा सूर. आमचे साडभाऊ उभे राहून म्हणाले की एक वर्षाचं मूल दोन वर्षांचं होतं तेव्हा जेवढं वाढतं, तेवढं वाढायला तुम्हाला आता शंभरी गाठावी लागेल. एकोणपन्नासावरून पन्नास म्हणजे फक्त एवढंसं. आणि अंगठा न् बोट जवळ आणून त्यांनी ते अंतर दाखवलं. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी यांना केकचा दुसरा तुकडा दिला. या देशात केकचा दुसरा तुकडा मिळणं ही काय चीज आहे, हे इथे राहिलेल्यांनाच कळेल.

आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढे ती माझ्याच अंगाशी येणार आहे. नुसतं उत्तर त्यांना चालत नसे. कॉलेजात ते उत्तराला अर्धा मार्क देत आणि कारणाला दीड. रायस्वाइकला एका भाड्याच्या हॉलमध्ये आम्ही दरवर्षी बाबासाहेबांची जयंती करतो. एका वर्षी मुलांची प्रश्नमंजूषा त्यांच्याकडे दिली होती. मुलं इथली, मराठी समजते, पण तोंडातून डच नाहीतर इंग्रजीच येतं. बाकीचे काका-मावशी मुलांवर मराठीसाठी ओरडत होते. यांनी जाहीर करून टाकलं, "उत्तर कुठल्याही भाषेत चालेल. कारण मात्र मराठीत पाहिजे." एरवी माझ्याशी चार शब्द मराठीत न बोलणारी माझी मुलगी त्या दिवशी स्टेजवर उभं राहून, अडखळत, हातवारे करत, विजेनंतर गडगडाट उशिरा का ऐकू येतो ते मराठीत सांगत होती. मी मागे उभा होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना न सांगितलेल्या गोष्टींची यादी तिथूनच सुरू होते.

एखादं वर्ष ते घरी बसून होते. मग मी त्यांना आमच्या कंपनीत सहा महिन्यांच्या करारावर चाचणीचं काम मिळवून दिलं. आमची कंपनी लहान, पिण्याचं पाणी किती स्वच्छ आहे ते मोजणारी यंत्रं बनवणारी. यंत्र तसं सोपं. नळीतल्या पाण्यातून प्रकाश सोडायचा, पाण्याने त्यातला किती अडवला ते पाहायचं, आणि त्यावरून लॉगॅरिदम काढून पाण्याचा गढूळपणा दाखवायचा. त्यातला लॉगॅरिदमचा प्रोग्राम नऊ वर्षांपूर्वी मी लिहिला होता. फाइलच्या डोक्यावर माझं नाव होतं, आजही आहे.

साडभाऊंनी पहिल्या आठवड्यात सांगितलेल्या सगळ्या चाचण्या केल्या. दुसऱ्या आठवड्यात न सांगितलेल्या सुरू केल्या. ऑफिसच्या फ्रिजमधलं कॉफीचं दूध कमी होऊ लागलं आणि त्यावर एक चिठ्ठी लागली, तेव्हा चौकशीत कळलं की हे एक थेंब दूध बादलीभर पाण्यात टाकतात, ते यंत्रात घालतात, मग त्यात तेवढंच स्वच्छ पाणी मिसळून ते निम्मं करतात, पुन्हा निम्मं, पुन्हा निम्मं. दर वेळी आकडा निम्मा व्हायला हवा. सुरुवातीला होत होता. पुढे तो निम्मा व्हायचा सोडून जागच्या जागी थांबायचा, मग एकदम खाली उडी, पुन्हा थांबायचा, आणि शेवटी शून्य. आलेखात उतरती रेघ यायच्या जागी जिना दिसत होता. हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. चाचणीच्या कागदावर 'ठीक' आणि 'चूक' असे दोन चौकोन असतात. यांनी दोन्ही रिकामे ठेवून मधे पेनाने एक छोटा जिना काढला आणि सही करायला नकार दिला. बारा यंत्रं खोक्यात भरायच्या तयारीने मार्गिकेत उभी राहिली आणि बारा कागदांवर बारा जिने.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं की इतकं स्वच्छ पाणी कोण मोजणार आहे, तिथे शून्य म्हटलं तरी चालतं.

"साडभाऊ," ते म्हणाले, "दूध मी स्वतः टाकलंय. तर शून्य कसं?"

दोन दिवसांनी त्यांनी मला वहीचं एक पान फाडून दिलं. चौघांत बोलले नाहीत, पान घडी करून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, सवडीने बघा. शनिवारी मुलीचा पोहण्याचा वर्ग असायचा. इथे आईबाप काचेच्या पलीकडे कँटीनमध्ये बसून राहतात. तिथे मी ते पान उघडलं. वर त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'एकाच्या अगदी जवळ गेलात की टेबल बंद करा.' खाली त्यांनी अकरावीच्या पोराला समजावं तसं समजावलं होतं. एकाहून किंचित कमी-जास्त संख्येचा लॉग चार अंकी टेबलात पाहिला तर शून्यच दिसतो. पोरं शून्य लिहून मोकळी होतात आणि गणित चुकतं. अशा वेळी टेबलात बघायचंच नाही. एकापासून जो बारीक फरक आहे तोच हातात घ्यायचा आणि ०.४३४३ ने गुणायचा, झालं काम. पुढे एकच ओळ होती: 'आपलं यंत्रही एकाच्या शेजारी आंधळं होत असावं काय?'

असावं काय! होतच होतं. पाण्याने किती प्रकाश अडवला तो फरक यंत्राला फार बारीक मोजता येतो. मी तो फरक आधी एकातून, म्हणजे पूर्ण प्रकाशातून, वजा करत होतो आणि मग लॉग काढत होतो, कारण बारावीच्या सूत्रात तसंच होतं आणि माझा हात त्याच वळणाचा. पण प्रोग्राममधली दशांश संख्या मोजकेच अंक सांभाळते. बारीक फरक एकाच्या शेजारी नेऊन उभा केला की त्याचे मागचे अंक सांडतात. फारच बारीक असेल तर तो सगळाच सांडतो; उरतो निव्वळ एक, आणि एकाचा लॉग शून्य. नेमकं हेच टाळण्यासाठी प्रोग्रामिंगच्या भाषेत एक तयार फंक्शन असतं. त्याला फक्त फरक द्यायचा, एक ते आपलं आपण धरतं आणि काही सांडू देत नाही. ते मला ठाऊक असायला हवं होतं. कँटीनमध्ये बसल्या बसल्या मला सगळं लख्ख दिसलं. काचेपलीकडून मुलीने हात केला, मीही केला, आणि पानाची घडी करून पाकिटात ठेवली.

इथे मी स्वतःची बाजू मांडू शकतो, पण मांडणार नाही. त्या महिन्यात आमच्या गटाचा प्रमुख कोण होणार ते ठरायचं होतं. एवढंच होतं. आणि खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. सहा आठवड्यांपूर्वी मी चिकटवून दिलेल्या माणसाने, खिशातल्या टेबलाच्या जोरावर माझी नऊ वर्षांची ओळ खोटी ठरवावी, हे मला लागलं होतं.

मंगळवारी कॉफीच्या यंत्रापाशी मॅनेजरने विचारलं की ती बारा यंत्रं का अडली आहेत. साडभाऊ माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या साडूला बोलू द्यावं, म्हणून ते गप्प राहिले. मी हसत म्हणालो की आमचे हे पाहुणे यंत्राचे आकडे शाळेतल्या कागदी टेबलावर तपासतात, चार अंकी टेबलावर. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, दाखवा की. साडभाऊंनी उत्साहाने खिशातून पुस्तक काढलं. ते हातोहात फिरलं, कुणी त्याचा फोटो काढला, आणि ते प्रत्येकाला बोट ठेवून दाखवत होते: ही डावीकडची ओळ, हा वरचा रकाना, इथे मिळतं बघा. त्यांना वाटत होतं, लोकांना शिकायचं आहे. हसणं कशाचं आहे ते त्यांना बऱ्याच उशिरा कळलं. कळलं तो क्षण मी पाहिला. त्यांनी पुस्तक परत घेतलं, कव्हर नीट केलं आणि खिशात ठेवलं. मॅनेजरने मला शेवटचं विचारलं, सूत्रात काही चूक आहे का? मी म्हणालो, सूत्र पाठ्यपुस्तकातलं आहे. हे शब्दशः खरं होतं. खोटं बोलण्याची याहून सभ्य पद्धत मला अजून सापडलेली नाही.

यंत्रं रवाना झाली, कागदांवर सह्या मी केल्या. साडभाऊंचा करार पुढे वाढला नाही. शेवटच्या दिवशी मॅनेजरने त्यांना विचारलं होतं म्हणे, तुम्हाला खटकलेली ती ओळ कोणी लिहिली आहे असं वाटतं? फाइलच्या डोक्यावर माझं नाव त्यांनी वाचलं नसेल हे शक्य नाही. ते औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा दोनदा वाचत. ते म्हणाले, नाव काही लक्षात नाही, पण घाईत होते ही चूक, आणि बहुतेक चांगल्या विद्यार्थ्यांकडूनच होते. मॅनेजरने हे मला गंमत म्हणून सांगितलं. मीही हसलो. घरी त्यांनी मेव्हणीला सांगितलं, "माझं न् यंत्राचं जमलं नाही." त्यानंतर त्यांनी सात-आठ ठिकाणी अर्ज केले. आधीची नोकरी का सुटली, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येई, आणि ते त्याचं उत्तर देत, कारण देत नसत. मार्कांच्या हिशेबात त्यांनी कारण गाळल्याचं माझ्या पाहण्यातलं हे एकच उदाहरण.

आठ महिन्यांनी एका पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेने आम्हाला एक आलेख पाठवला. त्यात जिना होता. मी पाकिटातलं पान काढलं, तरी एक दिवस विचार केल्यासारखं दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी ती एक ओळ बदलली. जिना गेला, उतरती रेघ आली. तोवर मी गटप्रमुख झालोच होतो; आता कौतुकही झालं. या देशात कौतुक ज्याचं, केक त्यानेच आणायचा असतो. मी जर्दाळूचा मोठा केक नेला. सगळ्यांनी माझं अभिनंदन करून तो खाल्ला. मी माझा तुकडा ताटलीतच ठेवला. उरलेला घरी आणला, तर बायको म्हणाली, एवढा कोण खाणार, आणि मला कळायच्या आत तो घेऊन सायकलवर न्यूनेनला गेली.

परत आल्यावर तिने सहज सांगितलं. भाऊजींनी विचारलं, केक कशाचा? ती म्हणाली, यांनी ऑफिसात फार मोठी चूक शोधली म्हणे, पाण्याच्या यंत्रातली. ते म्हणाले, "अरे वा." मग ताटली पुढे करून दुसरा तुकडा मागून घेतला.

तो दुसरा तुकडा मला आजही आठवतो. मी तो पाहिला नाही, तरी आठवतो.

गेल्या उन्हाळ्यात मेव्हणीचं संशोधन संपलं. तिला इथेच दुसरं काम मिळालं असतं, पण घरात एकानेच कमवायचं आणि दुसऱ्याने खिडकीतून बदकं मोजायची, हे किती दिवस चालणार? त्यांनी परत जायचं ठरवलं. निघण्याच्या आदल्या रविवारी मी सामान बांधायला गेलो, आणि सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो. दोघी बहिणी वर कपडे भरत होत्या. आम्ही दोघं खाली पुस्तकांची खोकी चिकटवत होतो. तीन खोकी झाली तरी माझं तोंड उघडेना. चौथ्याला त्यांनीच विचारलं.

"पायऱ्या गेल्या का?"

"गेल्या," मी म्हणालो.

"पूर्ण?"

"पूर्ण. तुमच्या... त्या पानावरूनच केलं."

"छान झालं." त्यांनी चिकटपट्टी दातांनी तोडली. "वर शेरा लिहिला ना? कारण?"

प्रोग्रामच्या ओळीवर आपण माणसांसाठी एक टीप लिहून ठेवतो, हे असं का केलं म्हणून. मी लिहिली नव्हती. कारण लिहायचं तर ते कुठून आलं तेही लिहावं लागलं असतं. मी मान हलवून नाही म्हटलं.

ते पहिल्यांदा माझ्यावर रागावले. "असं कसं हो? उद्या एखादं हुशार पोरगं येईल, म्हणेल हे काय विचित्र, आणि सुधारून पुन्हा जिना करून ठेवेल. नाव नका लिहू कुणाचं. कारण लिहा."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी मला खोक्याचं दुसरं टोक धरायला सांगितलं. ते वजनदार होतं. दोघांनाही बोलता आलं नाही.

सोमवारी मी ऑफिसात जाऊन शेरा लिहिला. नऊ ओळींचा झाला. त्यात जिना आहे, दूध आहे, 'एकाच्या अगदी जवळ गेलात की टेबल बंद करा' हे आहे, आणि त्यांनी नको म्हटलं होतं तरी त्यांचं पूर्ण नाव आहे, गाव आणि कॉलेजसकट. तपासणाऱ्या तरुण सहकाऱ्याने सुचवलं की फार लांब आहे, दोन ओळींत आटपा. मी नाही म्हटलं, आणि त्याला सगळी गोष्ट सांगितली. ज्याला सांगायला हवी होती तो मॅनेजर केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेला होता. त्या दिवशी कॉफीपाशी हसलेल्यांपैकीही आता दोघंच उरलेत. आणि यंत्रात तर तो शेरा जातच नाही. प्रोग्राम यंत्रात भरताना असल्या ओळी आधीच वगळल्या जातात. इथे नळाचं पाणी पेल्यात घेतलं की मला हे हमखास आठवतं.

दर रविवारी दुपारी आमचा फोन होतो. तिकडे त्यांची संध्याकाळच्या शिकवणीची वेळ झालेली असते; मागे पोरांचा गलका ऐकू येतो. एकदा मी त्यांना सांगितलं की शेरा लिहिलाय, आणि त्यात तुमचं नाव आहे.

त्यांनी मास्तरी आवाजात विचारलं, "किती जण वाचतात ती ओळ?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, दोन. फार तर तीन.

"म्हणजे शून्य नाही," ते म्हणाले. आवाजात समाधान होतं. थट्टा असेल म्हणून मी नीट कान देऊन ऐकलं, पण नव्हती. मी म्हणालो, सर, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं. त्यांना मी सर म्हणालो हे माझ्याही नंतर लक्षात आलं. पण मागे कुणीतरी विचारत होतं, सर, एक पॉइंट शून्य शून्य शून्य दोनचा लॉग टेबलात सापडत नाही, आणि ते घाईघाईने म्हणाले, "साडभाऊ, पुढच्या रविवारी बोलू, इथं एक पोरगं शून्य लिहायला निघालंय," आणि त्यांनी फोन ठेवला.